हिराजीकाकांचा टॉवेल

उरणला बदली झाली तेव्हा मी ज्या घराच्या माडीवर भाड्याने राहायला गेले, त्या घराचे मालक हिराजीकाका आपल्या मुलाशी बोलत नाहीत, हे माझं सामान लावून व्हायच्या आधीच मला कळलं. सांगितलं कोणीच नाही. पाण्याच्या मोटारीचं बटण कुठे आहे म्हणून विचारायला मी खाली उतरले, तर ओटीवर काका बसलेले आणि शेजारच्या खुर्चीत नितेश, त्यांचा एकुलता एक मुलगा, मोबाइल बघत. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला इचारा बाय, बटन त्यानं बसवलाय." नितेशही माझ्याकडेच बघून म्हणाला, "बाबांना सांगा मॅडम, परवाच बदललंय. जिन्याखाली आहे." दोघांत हातभर अंतर होतं. मी मधे उभी राहून एकाचं दुसऱ्याला सांगितलं, आणि उरणात होते तोवर ही माझी दुसरी नोकरी झाली. पहिली बँकेत होती, आणि खरं सांगायचं तर ती सोपी होती.

काका बुटके, रापलेले, पाठ मात्र ताठ. अंगात बनियन, गुडघ्यावर दुमडलेली लुंगी, खांद्यावर पंचा. सगळा जन्म मिठागरात गेला, त्यामुळे तळहातांना आणि टाचांना अशा भेगा की बघणाऱ्यालाच दुखावं. बोलणं मोजकं. कुठल्याही प्रश्नाला पहिलं उत्तर "बघू". जेवायला वाढू का, बघू. गुडघा दाखवायला डॉक्टरकडे जायचं का, बघू. एकाच बाबतीत ते न विचारता बोलायचे. सकाळी अंगणात येऊन खाडीकडे तोंड करून उभे राहायचे आणि जाहीर करायचे, "आज वारा सुकवनारा हाय," किंवा "आज वारा वला हाय, काय सुकनार नाय." मिठागर जाऊन वर्षं लोटली होती. त्या वाऱ्याचा आता उपयोग काय तो त्यांच्या बायकोच्या, जनाकाकूंच्या पापडांना आणि माझ्या चादरींना. पण सवय ती सवय. काकांना विचारल्याशिवाय मीही कधी चादर भिजवली नाही.

बापलेकांचं बिनसलं ते त्या मिठागरावरूनच. जनाकाकूंनी मला ते सांगितलं, तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता, जशी काही दुसऱ्याच्या घरची गोष्ट. जमीन प्रकल्पात गेली. आजूबाजूच्या सगळ्यांची गेली, तशी यांची. कागदावर सही काकांनी आपल्या हाताने केली, नितेशने फक्त पेन पुढे केलं. मग एक दिवस भरावाचे डंपर आले आणि बांध बुजले. त्याच आठवड्यात नितेशने गडद निळ्या रंगाची नवी गाडी आणली, हार घातलेली. ती अंगणात लावून, पोरगं बापावरच्या प्रेमानेच म्हणालं, "बाबा, आता त्या चिखलात पाय घालायला नको."

"चिकल बोलला तो," जनाकाकू म्हणाल्या. "त्याच चिकलानं त्याला वारवला, शिकवला. तवापासून यांचा बोलना बंद."

मला वाटतं, सही आपण स्वतः केली हेच काकांना गिळता येत नव्हतं. दुसऱ्या कोणी फसवलं असतं तर त्याला शिव्या घालून मोकळे झाले असते. राग ठेवायला जागा हवी होती, ती त्या एका शब्दात मिळाली. हे माझं मत. काकांना विचारलं असतं तर "बघू" म्हणाले असते.

पण गंमत अशी, की ज्या गाडीवरून हे झालं ती गाडी रोज सकाळी काकाच धुवायचे. नितेशचे ट्रेलर बंदरात कंटेनर वाहायचे, त्यामुळे त्याच्या येण्याजाण्याला वेळकाळ नसे. गाडी अंगणात उभी. रस्त्यावरून अखंड जाणाऱ्या ट्रेलरची धूळ आणि वर खाडीचा खारा वारा, सकाळी बॉनेटवर बोटाने नाव लिहावं असा थर. उजाडलं की काका पाइप घेऊन हजर. मी एकदा न राहवून विचारलं, "काका, मुलाशी बोलत नाही आणि त्याची गाडी धुता?"

"गारी त्याची हाय," काका म्हणाले. "अंगन माझा हाय. माझ्या अंगनान घान नाय चालनार."

त्या गाडीत मात्र ते कधी बसले नाहीत. एकदा त्यांना डोळे तपासायला पनवेलला जायचं होतं. मलाही तिकडे काम होतं म्हणून आम्ही एसटीने बरोबर निघालो. बस नाक्यावरून वळली तशी मला मागच्या काचेतून निळी गाडी दिसली. बस थांबली की ती थांबायची, निघाली की निघायची. पनवेलपर्यंत नितेश तसा मागून आला. काका समोर नजर लावून बसले होते. मला वाटलं त्यांना कळलेलं नाही. अर्धा रस्ता सरल्यावर ते मान न वळवता म्हणाले, "हलू चालवतंय. बरा हाय." मला हसू आलं आणि त्याच वेळी त्या दोघांना बकोटीला धरून समोरासमोर उभं करावंसं वाटलं.

आता मूळ गोष्टीकडे येते. सुरुवातीला काका गाडी धुवायचे, पण पुसायचे नाहीत. धुतली की उन्हात सोडून द्यायचे. मिठागरवाल्याला पाणी पुसायचं कसं सुचावं? उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं, आणि ऊनवाऱ्यावर भरवसा ठेवून वाट बघायची, हा त्यांचा धंदा. "पानी सुकवाला हात क्याला लावाचा? सूर्य हाय ना," असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडच्या बोअरचं पाणी मचूळ. ते गडद निळ्या पत्र्यावर सुकलं, की मागे पांढरी वर्तुळं राहायची. एकात एक, बॉनेटभर. मी आले तोवर गाडीला कोड फुटल्यासारखं दिसायला लागलं होतं. नितेश ते बघायचा, ओठ आवळायचा आणि गाडीत बसून निघून जायचा. बापाला त्याने एका शब्दाने टोकलं नाही.

एका सकाळी मी खाली आले तर काका बॉनेटवर वाकलेले. एका वर्तुळावर त्यांनी ओलं बोट घासलं आणि जिभेला लावलं.

"मीठ नाय हा," ते म्हणाले. "नुसता खार. कामाचा नाय."

मग ते पायरीवर जाऊन बसले. पाइप तसाच वाहत होता, तो मी बंद केला. तेव्हा ते म्हणाले, "बाय, जनमभर पानी सुकवला. आता सुकू दियाचा नाय, ता शिकाचा."

यात तक्रार नव्हती. नवा विषय सुरू करताना शाळेतला मुलगा बोलतो तसं ते बोलले. मला मात्र गलबलून आलं, आणि ऑफिसला उशीर झाल्याचं निमित्त करून मी निघाले.

दुसऱ्या दिवसापासून काका गाडी पुसायला लागले, खांद्यावरच्या पंच्याने. वर्तुळं गेली आणि त्यांच्या जागी चरे आले. उन्हात उभं राहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसायचे. या वेळी नितेश जिन्यात मला गाठून म्हणाला, "मॅडम, बाबांना बोला ना जरा. पंचा नको. मायक्रोफायबरचा टॉवेल लागतो त्याला."

मी खाली जाऊन सांगितलं. काका म्हणाले, "त्याला सांगा, याच पंचान मी आंग पुसताव. गारी काय राजाची लागून गेली?" पण दुसऱ्या दिवशी पंचा खांद्यावरच राहिला, आणि गाडीच्या वायपरखाली पिवळ्या टॉवेलांचं एक पाकीट खोचलेलं दिसलं. कोणी ठेवलं हे काकांनी विचारलं नाही. पाकीट फोडलं, टॉवेल हातात घेतला आणि दचकून सोडून दिला. त्याचे बारीक तंतू त्यांच्या तळहाताच्या भेगांत अडकत होते. ज्यांचे हात असे फुटलेले आहेत त्यांनाच ते कळेल. अंगावर काटा येतो. काकांनी हात ओले केले, पुन्हा धरला, आणि सबंध गाडी पुसून काढली. मग उन्हाकडे तोंड करून पत्रा तिरप्या नजरेने तपासला.

"त्याला सांगा, कडंला शिवन हाय. दोरा टोचतंय."

नितेशने बिनशिवणीचा आणला.

"त्याला सांगा, हा पानी पुढं ढकलतंय. पीत नाय."

"बाबांना सांगा, नवा टॉवेल आधी नुसत्या पाण्यातून काढायचा. मग प्यायला लागतो."

"त्याला सांगा, काढला. पितंय. पन पिल्लेला सोरत नाय. मुरगलून पिलला तरी वजनाला जर राहतंय." मग मला म्हणाले, "बाय, पिनारा पायजे, पन सोरनारा पन पायजे. नुसतं पिनारं आमच्यान रगड हायत."

माझं डोकं उठायचं. पण हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं, की आधी या दोघांचे निरोप म्हणजे बिल भरलं का, चावी कुठे आहे, इतकेच असायचे. आता जाडी, वीण, कड, वजन, पिळल्यावर उरणारं पाणी यावर महिनोन्महिने खल चालला होता. निरोप देताना नितेशच्या आवाजात उत्साह असायचा. "मग काय बोलले?" असं तो विचारायचा. काका तेवढं विचारायचे नाहीत, पण मी माडीवरून उतरायच्या सुमाराला ओटीवर येऊन बसलेले असायचे.

पुढे पुढे काका माझ्या मोबाइलवरच टॉवेल बघायला लागले. चष्मा लावून माडीवर यायचे आणि फोटोंवर बोट ठेवून "हा इचारा" म्हणायचे. टॉवेलाची जाडी ग्रॅममध्ये सांगतात हे त्यांना पटकन उमगलं. वजनाशीच त्यांची सगळी हयात गेलेली. टॉवेल आला की बादलीत बुडवायचा, हातावर तोलायचा, पिळायचा, पुन्हा तोलायचा. मग गाडीच्या काचेवरून एकदाच ओढायचा, दाबायचा नाही. मागे थेंब राहिला की घडी घालून पाकिटात परत. पार्सल आणणारा मुलगा फाटकातूनच विचारायला लागला, "पास का नापास?"

"लग्नाला पोरगी बघतावा का टावेल?" जनाकाकू वैतागून म्हणायच्या. त्यांच्या दृष्टीने घरात आलेलं कुठलंही कापड हे घरचं कापड. एकदा काकांनी पास केलेला, चौकड्यांच्या विणीचा एक मऊ टॉवेल त्यांनी धुऊन थेट भाकरीच्या डब्यात घातला. घरात त्याच्याइतकं मऊ दुसरं काही नव्हतं, त्यांचंही बरोबर होतं. दुपारी काकांनी डबा उघडला, टॉवेल ओळखला. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. त्यांनी भाकरी उलटून पालटून पाहिली आणि म्हणाले, "भाकरीला डाग नाय परला." नितेश तेव्हा पलीकडे जेवत होता. त्याला ठसका लागला. काकांनी पाण्याचा तांब्या त्याच्या दिशेने सरकवला, बघितलं मात्र नाही. जनाकाकू चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या घरात इतक्या दिवसांत मी पाहिलेली ती सगळ्यात मोठी घटना होती.

आणि मग काकांनी तो मोठा टॉवेल निवडला. दोन्ही बाजूंनी पिळदार दाट तंतूंचा, राखाडी, आणि जवळजवळ चादरीएवढा. निवडण्यापूर्वी त्यांनी बॉनेट वितीने मोजलं होतं, टप मोजला होता. मी म्हटलं, "काका, हा फार मोठा आहे. ओला झाल्यावर एका माणसाला आवरणार नाही. याच्या निम्म्या मापाचाही मिळतोय."

"बघू," ते म्हणाले, आणि मोठ्यावरच बोट ठेवून राहिले.

आला तो उत्तमच होता. पाणी प्यायचा आणि पिळल्यावर सोडायचाही. काचेवर थेंब ठेवला नाही. पण मी म्हटलं तेच झालं. काका तो टपावर पसरायचे, एका बाजूने ओढायचे, की दुसरं टोक घसरून जमिनीला लागायचं. जमिनीला लागलेला टॉवेल पुन्हा गाडीला लावायचा नाही, एक खडा अडकला तरी चरा उमटतो. मग तो सबंध धुवायचा, पिळायचा, आणि पुन्हा तेच. मी म्हटलं, "एक टोक मी धरते ना."

"नको बाय. तुमाला हापिसाला उशीर व्हईल."

रविवार होता.

जनाकाकूंना हे बघवेना. त्या कात्री घेऊन आल्या. "दोन तुकरं करा. दोगांचा ताप वाचल." काकांनी त्यांच्या हातातून टॉवेल काढून घेतला, नीट घडी घातली आणि ओटीवरच्या दांडीवर टाकला. "असू दे," एवढंच म्हणाले. काकू आत गेल्यावर ते खाडीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं आता वाऱ्याचं काहीतरी सांगतील.

"मिठागरान भरलेली टोपली आपली आपुन डोक्यावर घेता येत नाय," ते म्हणाले. "दुसऱ्यानं उचलून दियाची लागतं. शालंतून आला का त्योच दियाचा उचलून. हात पोचत नसत त्याचं. टाचा उचलून दियाचा."

तेव्हा मला त्या टॉवेलाची लांबी कळली. आपल्या तोंडाने मुलाला हाक मारणं या माणसाला जमणार नव्हतं. त्याने दोघांशिवाय आवरणार नाही असं कापड आणलं होतं आणि रोज सकाळी त्याचं एक टोक रिकामं सोडत होता. मला काकांचा राग आला, कीव आली, आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त माया वाटली.

त्या संध्याकाळी नितेशने विचारलं, "मॅडम, त्या मोठ्या टॉवेलाचं काय बोलले बाबा?"

"हा निरोप मी देणार नाही," मी म्हटलं. "सकाळी गाडी धुताना खाली उभे राहा, म्हणजे कळेल."

तो चावीशी चाळा करत राहिला. एवढा ट्रेलर चालवणारा माणूस, बंदराच्या फाटकावर कोणाशीही भांडणारा. "आणि मी गेलो, आणि ते उठून आत गेले तर?" तो म्हणाला. "आत्ता निदान तुमच्याकडून तरी बोलतात."

तो सकाळी खाली आला नाही. त्याच्या पुढच्या सकाळीही नाही.

पुढे लवकरच माझी बदली झाली. मला पनवेल स्टेशनवर सोडायचं नितेशने कबूल केलं होतं. निघायच्या दिवशी मी बॅगा घेऊन जिना उतरले तेव्हा गाडी धुऊन झाली होती आणि काका टपावर टॉवेल पसरत होते. नितेश पायरीवर उभा होता, हातात चावी, जायची तयारी करून. घड्याळाकडे बघावं की बापाकडे, हे त्याला ठरवता येत नव्हतं. काकांनी आपल्या बाजूने टॉवेल ओढला. पलीकडचं टोक टपावरून सरकलं, काचेवर आलं, दारावर लोंबलं आणि हळूहळू खाली यायला लागलं. आज काकांनी ते सावरायला धाव घेतली नाही. ते आपल्या बाजूला टोक धरून नुसते उभे राहिले.

नितेश पायरी उतरला. चावी त्याने तोंडात धरली आणि दोन्ही हातांनी लोंबणारं टोक पकडलं. दोघांमध्ये गाडी होती. काकांनी ओढलं, त्याने सैल सोडलं. त्याने ओढलं, काकांनी सोडलं. टपावरचं पाणी एका पट्ट्यात नाहीसं झालं. मी जिन्याखालीच थांबले. माझ्या मागे जनाकाकू येऊन उभ्या राहिल्या होत्या, पिठाचे हात तसेच.

बॉनेटकडे येताना नितेशचं टोक जरा खाली आलं.

"वर धर," काका म्हणाले. "भुईला लागल."

नितेशने हात वर केले, गरजेपेक्षा खूप वर, पार खांद्याच्या वर. चावी तोंडातच होती, म्हणून त्याला लगेच बोलता आलं नाही. ती त्याने काढून खिशात टाकली.

"धरलाय, बाबा."

"खेचू नको. नुसता सोर."

"सोरताव."

"तिकडं आरशाखाली रायला. पानी हाय बघ."

"बघतो."

बॉनेट झालं, मग ते मागच्या काचेकडे गेले. तिथून मला दोघांची फक्त डोकी दिसत होती, एक पांढरं, एक काळं, आणि मधे तो राखाडी टॉवेल ताणलेला. आरशाखालचं पाणी पुसायचं राहिलं होतं की नव्हतं, यावरून आता त्यांचं चांगलंच जुंपलं होतं. निरोप द्यायला कोणाला माझी गरज नव्हती.

"तुमची ट्रेन चुकल," जनाकाकू हळूच म्हणाल्या. "हाक मारू त्याला?"

"नको काकू," मी म्हटलं आणि बॅगेवर बसले.